सोरायसिस: मेथोट्रेक्सेट की सेक्युकिनुमॅब?

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत कुणाचा सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खवलेदार चट्टे आणणारा आजार, बळावला की हा प्रश्न येतोच: मेथोट्रेक्सेटची गोळी की सेक्युकिनुमॅबचं इंजेक्शन?

मेथोट्रेक्सेट जुनं आणि स्वस्त. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं, कारण चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकतं. आजी-आजोबांच्या गोळ्या काढून देणाऱ्यांनी वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावीच. सोबत फॉलिक ॲसिड, अधूनमधून रक्त आणि यकृताची तपासणी. दारू टाळायची, गरोदरपणात तर हे औषध पूर्ण वर्ज्य. गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा धीर हवा.

सेक्युकिनुमॅब इंटरल्युकिन-१७ए हा दाह वाढवणारा एकच रेणू अडवतं. मोठ्यांना सहसा ३०० मिलिग्रॅम, आधी दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा. त्वचा बहुधा लवकर आणि जास्त निवळते. पण खर्च मोठा, आणि त्याआधी क्षयरोगाची तपासणी अत्यावश्यक. आतड्याचा जुना दाह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

यकृत ठीक असेल आणि इतक्यात मूल नको असेल, तर मी आधी गोळीच सुचवेन. तिने भागलं नाही, किंवा ती सोसली नाही, तर इंजेक्शनचा विचार लांबवू नका.