लाटेकमधला 'व्ही' आर्ग्युमेंट: आठ महिने वापरल्यावर

विश्रामबागला आमचा प्रोग्रॅमिंगचा छोटा क्लास आहे. सी भाषेच्या नोट्स मी लाटेकमध्ये करतो, म्हणजे मजकुरात कमांड लिहून छपाईची पानं बनवणाऱ्या प्रणालीत. तेही देवनागरी फॉन्ट चालणाऱ्या झेलाटेक इंजिनावर, कारण समजावणं मराठीत आणि कोड इंग्रजीत. वाक्याच्या मधेच कोडचा तुकडा टाकायला मी साध्या न्यूकमांडने, म्हणजे आपली कमांड बनवायच्या नेहमीच्या सोयीने, एक कमांड करून ठेवली होती, नाव 'कोड'. कमांडला महिरपी कंसात जो मजकूर देतो तो तिचा आर्ग्युमेंट. जुलैत अख्खी सांगली आयर्विन पुलाखालची पातळी बघत होती आणि मी लॉग फाईल बघत बसलो होतो.

झालं असं की प्रिंटएफच्या, म्हणजे सीमधल्या छापायच्या फंक्शनच्या, उदाहरणात टक्क्याचं चिन्ह आलं. लाटेकच्या लेखी टक्का म्हणजे कॉमेंट. त्यापुढचा मजकूर गेला, शेवटचा महिरपी कंसही गेला. मग कमांड बिचारी कंस शोधत पुढची पानं गिळत सुटली आणि एरर आली ती थेट फाईल संपल्यावर. चूक तिसऱ्या पानावर, बोंब शेवटच्या.

आधी हाताने प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश लावला. कंटाळा आला. मग कुणीतरी डीटोकनाइझ सुचवलं, मजकूर कमांड न मानता नुसती अक्षरं म्हणून छापणारं. टक्क्याला त्याचा काही उपयोग नाही, पण बाकीचं छान दिसत होतं, म्हणून घाईत झेरॉक्सला दिलं. दुसऱ्या दिवशी एका पोराने लॅबमध्ये इन्क्लूडच्या आधी दोन हॅश टाइप केले. "सर, नोट्समध्ये तसंच आहे." होतंच तसं! डीटोकनाइझ एका हॅशचे दोन करतं, आणि बॅकस्लॅश-एनच्या मागे एक स्पेस आपल्या मनाने सोडतं. साठ प्रती पेनाने दुरुस्त केल्या.

त्यानंतर न्यूडॉक्युमेंटकमांडकडे वळलो, म्हणजे कमांड बनवायच्या नव्या सोयीकडे. आर्ग्युमेंटचा प्रकार म्हणून नेहमीच्या 'एम'ऐवजी 'व्ही' लिहायचं, बस्स. टक्का, हॅश, अंडरस्कोर, बॅकस्लॅश, सगळं जसंच्या तसं छापलं जातं. ऑक्टोबर 2020 पासून ही सोय लाटेकच्या गाभ्यातच आहे. आमच्या लॅबमधल्या एका मशीनवर उबुंटू 20.04 आहे, त्यातलं टेक लाइव्ह (लाटेकचा सगळा संच) 2019 चं, म्हणून तिथे एक्सपार्स पॅकेज वेगळं लावावं लागलं.

हे का चालतं ते कळायला मला महिना लागला. लाटेकच्या मुळाशी असलेलं टेक अक्षर वाचतानाच त्याला 0 ते 15 पैकी एक वर्ग देऊन टाकतं: बॅकस्लॅश 0, टक्का 14, वगैरे. मार्केट यार्डात पोत्यावर एकदा खूण पडली की पडली, तसंच. साधी कमांड आर्ग्युमेंट घेते तोवर खुणा पडून गेलेल्या असतात. 'व्ही' मात्र आर्ग्युमेंट वाचण्याच्या आधीच वर्ग बदलतो.

म्हणूनच त्याची मर्यादाही तिथेच आहे. तळटिपेच्या आत 'कोड' वापरली की अडलं, कारण तळटीप स्वतःच एक आर्ग्युमेंट. तिने मजकूर आधीच वाचून टाकलेला असतो. वाईट म्हणजे साधा शब्द असला तर कधी कधी गुपचूप चालून जातं, बॅकस्लॅश आला की मोडतं. तळटिपांसाठी मी फॅन्सीव्हर्ब पॅकेजचं सेव्हव्हर्ब घेतो: आधी साठवायचं, आत यूजव्हर्बने काढायचं. मथळ्यांतून तर कोड काढूनच टाकला. कोष्टकाच्या साध्या टॅब्युलरमध्ये स्कॅनएफचा (सीमधल्या वाचायच्या फंक्शनचा) अँपरसँड सुखरूप येतो, टॅब्युलरएक्स पॅकेजच्या कोष्टकात येत नाही, कारण ते अख्खं कोष्टक आधी गिळतं. त्यात माझी एक रविवार दुपार गेली.

रोजच्या वापरात दोन सवयी लावून घेतल्या. कोडमध्ये सुटा महिरपी कंस असेल तर बाहेर कंस वापरायचा नाही, दुसरं चिन्ह घ्यायचं. सगळे उभी रेघ वापरतात, पण सीमध्ये 'किंवा'साठी दोन उभ्या रेघा येतात. मी अ‍ॅट द रेट घेतो, सीमध्ये ते सहसा लागतच नाही. दुसरं, माझा एडिटर लांब ओळ आपोआप मोडायचा आणि 'व्ही'ला ओळ मोडलेली चालत नाही. त्याला अधिक चिन्ह जोडून 'प्लस व्ही' करता येतं, पण मी एडिटरचीच खोड मोडली. पूर्ण प्रोग्रॅमसाठी हे नकोच, तिथे लिस्टिंग्ज पॅकेज बरं. मिंटेड पॅकेज दिसायला देखणं, पण कोड रंगवायला पायथनचं पिग्मेंट्स मागतं आणि जुन्या आवृत्त्यांत शेल-एस्केपची, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम चालवायची, परवानगीही, लॅबमध्ये कोण ते उघडं ठेवणार?

एक दुखणं राहिलंच. कोडच्या आत "नमस्कार" अशी मराठी स्ट्रिंग आली की लॅटिन मॉडर्न मोनोमध्ये देवनागरी नसल्याने अक्षरं गायब. यात कमांडचा दोष नाही, फॉन्टचा आहे. सध्या तेवढ्यापुरता दुसरा फॉन्ट लावतो. रुंदी जुळत नाही, अवतरणचिन्हं जरा तिरपागडी बसतात. पोरांनी अजून तक्रार केलेली नाही.