केस्ट्रेल ५७०० एलिट, आठ महिन्यांनंतर: कॅल्क्युलेटरआधी स्कोप तपासा

यंत्र केस्ट्रेल ५७०० एलिट: हवामान मोजून लांबच्या नेमाचं गणित करणारा हातातला कॅल्क्युलेटर, आतलं गणित अप्लाइड बॅलिस्टिक्स कंपनीचं. रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची, गोळी १४० ग्रेन वजनाची हॉर्नडी ईएलडी मॅच, स्कोप (दुर्बीण) मिलमध्ये (कोनाचं माप; हजार यार्डांवर एक मिल म्हणजे ३६ इंच). वापर अमेरिकेतल्या रेंजवर, ६०० ते १२०० यार्डांच्या स्टील प्लेटवर. (स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं त्या ५० मीटरच्या प्रकारात याचा काडीचा उपयोग नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.)

नवीन माणूस पहिल्याच दिवशी ‘ट्रूइंग’कडे, म्हणजे गोळी लागली तिथून उलटं यंत्रातले आकडे जुळवण्याकडे, धावतो. हजार यार्डांवर गोळी खाली लागली की मझल व्हेलॉसिटी (नळीतून सुटतानाचा गोळीचा वेग) कमी करून आकडा जुळवून टाकायचा. जुळतोही. पण चूक टरेटमध्ये (स्कोपवरची नेम वर-खाली करायची चकती) असेल तर ती आता वेगाच्या रकान्यात दडून बसते. टरेट २ टक्के कमी फिरत असेल तर ८.४ मिल लावल्यावर प्रत्यक्षात ८.२३ च मिळतात, म्हणजे हजार यार्डांवर सहा इंच खाली. वेग सेकंदाला २५ फुटांनी चुकला तरी जवळपास तेवढाच फरक पडतो आणि मधल्या अंतरांवरही दोन्ही चुका सारख्याच दिसतात. नुसत्या गोळीबारातून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. स्कोप बदलला किंवा उंचीवरच्या रेंजला गेलात की मग सगळं बिघडतं.

म्हणून आधी टॉल टार्गेट, म्हणजे उंच कागदावर टरेटची चाचणी. टेपने मोजून १०० यार्ड, म्हणजे पुरते ३०० फूट. अंतर मोजणाऱ्या लेझरच्या भरवशावर राहू नका. ओळंबा लावून कागदावर उभी रेघ काढायची आणि खालून वर ३६ इंचांची खूण करायची. खालच्या बिंदूवर पाच गोळ्या, मग नेम तिथेच ठेवून १० मिल लावायचे आणि पुन्हा पाच. दोन्ही गटांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ३६ इंच हवं. ३५.३ आलं तर दुरुस्तीचा गुणक ०.९८, तो यंत्रातल्या रायफलच्या प्रोफाइलमध्ये भरायचा. वरचा गट रेघेवरून बाजूला सरकला असेल तर स्कोप तिरका बसलाय.

झीरो (नेम आणि गोळी एकाच बिंदूवर येणारी स्कोपची मूळ जुळणी) तीन गोळ्यांवर ठरवू नका, दहा मारा. सरासरी मध्य ०.१ मिल वर असेल तर ती चूक प्रत्येक अंतरावर ०.१ मिलच राहते. हजार यार्डांवर ३.६ इंच. स्कोपची उंची नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत मोजायची.

वेगासाठी रडारवाला क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) घ्या. नळीला पट्ट्याने बांधायचा प्रकार वेग नीट मोजतो, पण त्याच्या वजनाने गोळी दुसरीकडे लागते, तेव्हा तो लावून झीरो करू नका. काडतुसांच्या खोक्यावर छापलेला सेकंदाला २७१० फूट हा आकडा तुमच्या नळीचा नाही. काडतुसातल्या दारूचं तापमान बदललं की वेग बदलतो, म्हणून थंडीत आणि उन्हात मोजलेले वेग तापमानाच्या तक्त्यात वेगवेगळे भरा.

बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवेचा विरोध किती कापते तो आकडा) जी१ नव्हे, जी७ या लांब गोळ्यांच्या मापाचा. आणि वेग जुळवायला हा आकडा हलवायचा नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक हवेच्या दाबाची. हवामानखात्याचा आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो; गोळीला मात्र जागेवरचा दाब भोगावा लागतो. न्यू मेक्सिकोतल्या रॅटनजवळचं व्हिटिंग्टन सेंटर ६,६०० फुटांच्या आसपास आहे. तिथे खरा दाब पाऱ्याच्या २३.५ इंचांच्या घरात, बातमीत ३०. तो ३० हाताने भरलात तर हजार यार्डांवर अर्ध्या मिलहून जास्त चूक. केस्ट्रेल जागेवरचा दाब स्वतः मोजतो, तो मोजू द्या. फक्त उन्हात तापलेल्या गाडीतून काढल्या काढल्या वाचन घेऊ नका. सावलीत, वाऱ्यात थोडा वेळ टांगा.

एवढं झाल्यावर ट्रूइंग. गोळीचा वेग माख १.२ वर (आवाजाच्या वेगाच्या १.२ पट) येतो त्या अंतराच्या जवळपास वेग जुळवायचा. या गोळीला समुद्रसपाटीजवळ ते अंतर १२०० यार्डांच्या आसपास, तर .३०८ काडतुसाच्या १७५ ग्रेनच्या गोळीला ८०० च्या आसपास. अंतर पक्कं हवं: हजारावर १० यार्डांची चूक म्हणजे ०.१३ मिल. क्रोनोग्राफच्या आकड्यापेक्षा वेग सेकंदाला ३० फुटांहून जास्त हलवावा लागला, तर थांबा आणि मागे जा. सगळीकडे सारखाच फरक पडत असेल तर झीरो बघा. अंतराबरोबर वाढत असेल तर वेग किंवा टरेट. माख १.२ पर्यंत सगळं जुळून पुढेच फाटत असेल, तरच ड्रॉप स्केल फॅक्टरला (त्यापुढच्या अंतरांवर गोळी किती खाली जाते त्याचा दुरुस्ती-गुणक) हात लावा.

वाऱ्याचं वाचन तुम्ही उभे आहात तिथलं, प्लेटजवळचं नव्हे. ताशी १० मैलांचा आडवा वारा हजारावर साधारण दोन मिल नेतो, त्यापुढे स्पिन ड्रिफ्टचे (गोळीच्या फिरण्याने ती बाजूला सरकते त्याचे) पाव मिल ही किरकोळ बाब. सेल लिथियमचा एए वापरा, आणि तो बदलला की होकायंत्र पुन्हा कॅलिब्रेट करा: यंत्र उभं धरून, स्वतःभोवती तीन फेऱ्या, रायफल आणि गाडीपासून लांब.