आईला हळदीच्या कॅप्सूलचा चुना लावला, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा

ज्यांच्या घरी गुडघेदुखीवाले आईवडील आहेत त्यांनी हे वाचाच. लांबलचक झालंय, पण कापून टाकण्यासारखं काही नाही यात.

संक्रांतीनंतर आईच्या सोसायटीत महिला मंडळाचं हळदीकुंकू असतं. या वेळी वाण स्पॉन्सर करतो म्हणून कुठलीशी कंपनी आली. स्टीलच्या छोट्या डब्या वाटल्या, बदल्यात पंधरा मिनिटं बोलायला मागितली. पंधरा मिनिटांचा तास झाला. बोलणारा मुलगा गोड, सगळ्यांना माऊली माऊली करत होता, आणि त्याने काय केलं तर एका ग्लासात पाणी घेतलं, त्यात स्वतःची हळदीची कॅप्सूल फोडून टाकली, वरून एका बाटलीतलं बिनरंगाचं पाणी ओतलं आणि सगळं लालभडक झालं. म्हणे हा तुमच्या सांध्यातला दाह, बघा कसा पेटलाय. मग "अ‍ॅक्टिव्हेटर"चे चार थेंब टाकले, ढवळलं, पाणी परत पिवळं. दाह गेला! बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आता हे काय आहे ते ऐका. हळदीला चुना किंवा धुण्याचा सोडा लागला की ती लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. कपड्यावर आमटी सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो ना, तेच. शाळेत हळदीचा कागद केला होता तोच प्रयोग. त्याच्या बाटलीत सोडा असणार आणि अ‍ॅक्टिव्हेटरमध्ये लिंबूसत्त्व. घरी करून बघा, दोन रुपयांत होतं. माझी आई तर सांगलीची, हरिपूरच्या पेवांच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांच्या, गोष्टी सांगत आम्हाला मोठं केलेली बाई, हळकुंड मोडून आतला रंग बघून माल सांगते, आणि हळदीपासून कुंकू कसं करतात हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. तरी तिथे तिने ११,४०० रुपयांचं किट घेतलं. कारण गुडघे दुखत होते आणि बाकीच्याही घेत होत्या, एवढंच.

या लोकांचं कौशल्य असं की ते धडधडीत खोटं फार कमी बोलतात. खऱ्या गोष्टीला वाकवतात. पत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं "२०००% शक्ती". हा आकडा आला कुठून तर १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी लोकांना २ ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला पिवळा मुख्य घटक) नुसतं दिलं आणि मग त्याच्यासोबत मिऱ्यातलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा रक्तात पोचणारं कर्क्युमिन २०००% वाढलं. पण मुळात नुसतं घेतल्यावर ते रक्तात जवळपास सापडतच नव्हतं, म्हणजे वीस पट कशाच्या, तर जवळजवळ शून्याच्या. आणि त्यात गुडघा कुठेच नाही! कोणाचं दुखणं थांबलं का हे बघायला तो अभ्यास नव्हताच.

दुसरं, तो मुलगा म्हणाला, अमेरिकेने आपली हळद चोरली होती, शास्त्रज्ञ माशेलकर सरांनी परत आणली, म्हणजे बघा किती ताकद आहे हिच्यात. इथे तर आईचे डोळे भरून आले म्हणे. अहो, ते पेटंट १९९५ चं, जखमेवर हळद वापरण्याचं, आणि माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. रद्द का झालं, तर यात नवं काही नाही, भारतात हे आधीपासून माहीत आहे म्हणून. हळदीने गुडघे, शुगर, बीपी बरे होतात असा निकाल अमेरिकेने दिलेला नाही. आणि खरं सांगायचं तर गुडघेदुखीला कर्क्युमिनने थोडाफार आराम पडतो असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंयसुद्धा. तेवढंच सांगितलं असतं तर मी ही पोस्ट लिहिली नसती. पण तेवढ्यावर किट खपत नाही ना.

आता डोसचा हिशोब. साध्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. यांची कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची, त्यात ९५ टक्के, वर पायपरीन, आणि दिवसाला चार घ्यायच्या. म्हणजे जवळजवळ १९०० मिलिग्रॅम, म्हणजे रोज साठ ग्रॅमच्या वर हळद. घरात चार माणसांच्या स्वयंपाकाला एवढी हळद आठवडाभरात तरी लागते का? खाण्यातला रंग म्हणून कर्क्युमिनची जी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे ती वजनाच्या किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम, आईच्या वजनाला दिवसाला पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास येते.

सुरुवातीला आई खूश होती. पी हळद नि हो गोरी, फोनवर हसत म्हणायची. मग एप्रिलमध्ये अन्नावरची वासना उडाली, अंगाला खाज, लघवी गडद. तिने त्या मुलाला फोन केला (मला नाही!) तर तो म्हणाला, माऊली, हळद अंगी लागतेय, शरीर साफ होतंय, चालू ठेवा, हवं तर एक वाढवा. त्यानंतर मी गेले तेव्हा खिडकीच्या उजेडात तिच्या डोळ्यांचं पांढरं लिंबाच्या सालीसारखं पिवळं दिसलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

रिपोर्टमध्ये काविळीचं बिलिरुबिन वाढलेलं, लिव्हरची सूज दाखवणारं एसजीपीटी हजाराच्या घरात. सोनोग्राफीत खडा नाही, व्हायरसच्या टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी विचारलं, काही आयुर्वेदिक, घरगुती चालू आहे का, आई म्हणाली छे, काही नाही. खोटं बोलत नव्हती ती. तिच्या लेखी ते औषधच नव्हतं, हळद होती. मी पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला तेव्हा डॉक्टर लेबल वाचत बसले आणि म्हणाले, आधी हे बंद. त्यांनी सरळ सांगितलं की शंभर टक्के सिद्ध करता येत नाही, पण बाकी कारणं निघाली नाहीत आणि बंद केल्यावर आकडे उतरले तर मग यानेच. उतरले. हळूहळू, पावसाळा उजाडला नॉर्मल यायला.

नंतर वाचलं तर हे जगात नवीन नाहीये. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनंतर काविळीच्या केसेस निघाल्या आणि २०२२ मध्ये तिथे लेबलवर इशारा सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियाच्या औषध खात्यानेही २०२३ मध्ये सांगितलं की लिव्हरला धोका आहे, जास्त डोस आणि जास्त शोषलं जाणाऱ्या प्रकारांत तो अधिक असू शकतो, जेवणातल्या हळदीचा तसा संबंध दिसत नाही. म्हणजे "जास्त शोषलं जातं" ही जी जाहिरात, तीच भानगड. सगळ्यांना होतं असं नाही, क्वचितच होतं, पण ज्याला होतं त्याला होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नका.

पैशाचं काय? कच्ची पावती, जीएसटी नंबर नाही, यूपीआय केलेलं कंपनीच्या नाही तर कुणा बाईच्या नावावर. मुलाचा नंबर बंद. डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे खाद्यपदार्थांचा सरकारी परवाना नंबर होता, म्हणजे हे कागदोपत्री औषध नाही, खाद्यपदार्थ, आणि खाद्यपदार्थाने आजार बरा करतो म्हणायचंच नसतं. वर पत्रकात मधुमेह, बीपी बरे होतात असं छापलेलं, ज्यावर १९५४ च्या कायद्याने जाहिरातीला बंदी आहे. तो नंबर सरकारी फॉसकॉस साइटवर टाकला तर भलत्याच शहरातलं भलतंच नाव निघालं. तुम्हीही घ्यायच्या आधी टाकून बघा, मिनिटाचं काम.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय. डबा फेकू नका, उरलेल्या कॅप्सूल, पत्रक, पेमेंटचा स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवा, तेच विचारतात. अजून काही हाती आलेलं नाही. आईच्याच बिल्डिंगमधल्या आणखी काही जणींनी किट घेतलंय, त्यांची सही मिळाली तर अर्जाला वजन येईल म्हणून दारोदार फिरले, पण एकीला घरच्यांना किंमत कळू द्यायची नाहीये, एकीला पोलीस-बिलीस नको, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं अजून चालू आहे. रोज चार. त्यांना म्हटलं काकू, निदान एकदा लिव्हरची टेस्ट तरी करून घ्या, तर म्हणाल्या तुझ्या आईला सोसली नसेल गं, माझे गुडघे बघ कसे चालतायत.