बीगल १:६० ची लाकडी किट: लाकूड अव्वल, दोरा टाकाऊ

निकाल आधीच सांगून टाकते. ही किट लाकडासाठी घ्या, दोऱ्यासाठी घेऊ नका. जहाजाच्या मॉडेलमध्ये निम्मं काम दोऱ्याचंच असतं, त्यामुळे ही काही किरकोळ तक्रार नाही.

किट आहे एचएमएस बीगलची. हेच ते डार्विनचं जहाज. कंपनीचं नाव घेत नाही, कारण यातल्या बहुतेक खोडी या दर्जाच्या कुठल्याही किटमध्ये भेटतात. खोक्यात प्लायवूडचा लेझरने कापलेला सांगाडा, लाकडी पट्ट्यांचे दोन थर, ओतीव धातूचे बारीकसारीक भाग, तांब्याची चिकट टेप, शिवलेली शिडं, दोऱ्याची रिळं आणि चित्रांची जाड पुस्तिका असं सगळं येतं. खऱ्या बीगलची लांबी ९० फूट ४ इंच, म्हणजे १:६० ला, खऱ्याच्या साठाव्या हिश्श्याच्या मापात, नुसतं अंग साधारण ४६ सेंटिमीटर. पुढे झेपावणारी बोस्प्रिट (जहाजाच्या पुढच्या टोकाची तिरकी काठी) आणि डोलकाठ्या धरल्या की जागा बरीच जास्त लागते. कपाट आधी मोजा.

सांगाड्याचं कापकाम खरंच सुरेख आहे. कण्याच्या खाचेत आडव्या फासळ्या हाताच्या दाबाने बसतात, डुगडुगत नाहीत. लेझरने कडा काळ्या पडतात. जिथे गोंद लागणार तिथे तो काळेपणा पॉलिश पेपरने काढावाच लागतो, नाहीतर पकड कच्ची राहते. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, आणि मागच्या फासळ्यांच्या कडा तिरक्या घासायच्या असतात. कुठवर घासायचं हे पुस्तिकेत एका चित्रात उरकलंय. एक सुटी पट्टी तीन-चार फासळ्यांवर आडवी धरून बघायची. ती प्रत्येकीवर पूर्ण टेकली, मधे फट दिसली नाही, की थांबायचं.

पट्ट्या लावणं हा या कामातला मला सर्वांत आवडता भाग. पट्टी जाडीच्या दिशेने हवी तशी वाकते, रुंदीच्या दिशेने मात्र हट्ट धरते. जहाजाचा घेर मध्यावर मोठा आणि नाळेशी लहान, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करत न्यावी लागते. मी आयुष्यभर शिवणकाम केलंय, मला हे ब्लाउजच्या टक्ससारखं वाटतं: जास्तीचं कापड कुठेतरी मुरवावंच लागतं, ते लपवलं तर चोळामोळा होतो. पट्टी निम्म्या रुंदीपेक्षा बारीक करू नये, हा जुना नियम इथेही पाळा. पुस्तिका म्हणते, पट्टी बसत नसेल तर टोकदार करून घुसवा. पहिल्या थरात चालून जाईल, तो झाकलाच जाणार. खऱ्या जहाजावर मात्र असली सुईसारखी फळी नसायची. तिच्या टोकाला खिळा धरत नाही आणि सांधा भरता येत नाही. दुसऱ्या थराचं गडद लाकूड मात्र काय देखणं! रंग एकसारखा, रेषा बारीक, पाण्यात थोडं भिजवून गरम इस्त्रीच्या टोकावर वाकवलं तरी तडकत नाही. खोक्याची निम्मी किंमत मला इथेच वसूल झाल्यासारखी वाटली.

आता तांबं. १८३१ च्या सफरीआधी बीगलच्या तळावर दोन इंच जाडीच्या फर झाडाच्या फळ्या ठोकल्या, त्यावर नमदा आणि त्यावर नवं तांबं चढवलं. त्या काळी तांब्याचे पत्रे साधारण ४ फूट बाय १४ इंचांचे असत, म्हणजे १:६० ला २० मिमी बाय ६ मिमी. टेपची रुंदी बरोबर आहे. गडबड आहे खिळ्यांची. प्रत्येक पत्र्यावर उठावदार टेंगळं छापलीत, एकेक मिलिमीटरचं. गणित करा, खऱ्या जहाजावर ६ सेंटिमीटरचं खिळ्याचं डोकं! मी ती लाकडी काडीने मागून-पुढून घासून सपाट केली, मग बरं दिसू लागलं. वार्निश लावलं नाही; तांबं आपोआप तपकिरी होत जातं आणि तेच शोभतं.

डेकवरचे भाग संमिश्र आहेत. मागच्या पूप केबिनमधून तिसरी डोलकाठी आरपार जाते, ते किटने नीट दाखवलंय. याच केबिनमध्ये डार्विन नकाशांच्या टेबलाच्या वर झोळी टांगून झोपायचा. १८२० मध्ये वुलिचला पाण्यात उतरलं तेव्हा हे दोन काठ्यांचं ब्रिग होतं; मागची काठी १८२५ मध्ये आली. म्हणून मागच्या काठीवर आडवी चौकोनी शिडं नाहीत, पुढच्या दोन्हींवर आहेत. होड्यांनी मात्र निराशा केली. मऊ धातूच्या ओतीव होड्या, कडा जाड, आतल्या बाकांवर साच्याची शिवण तशीच. निदान याच जहाजाच्या बाबतीत तरी होड्यांची अशी हेळसांड नको होती. आधीच्या सफरीत १८३० मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या टिएरा देल फ्यूगोला एक व्हेलबोट (वल्ह्यांची हलकी होडी) चोरीला गेली, त्या भानगडीत कॅप्टन फिट्झरॉयने तिथली माणसं इंग्लंडला नेली आणि त्यांना परत सोडण्याच्या खटपटीतूनच डार्विनवाली सफर आकाराला आली. मी व्हेलबोटी उरलेल्या पट्ट्यांतून स्वतः केल्या.

आणि आता दोरा. किटमधला दोरा सुती, लुसलुशीत केसाळ, दोनच जाडींचा आणि एकाच फिक्या रंगाचा. शिवणाऱ्या बाईने हा दोरा उसवायला सुद्धा घेतला नसता. खऱ्या जहाजावर दोन जातींचे दोर असतात. डोलकाठ्या जागेवर धरून ठेवणारे श्राउड आणि स्टे डांबरात माखलेले, म्हणून काळपट. शिडं आणि आडव्या काठ्या हलवणारे दोर तागाच्या रंगाचे. दोन्ही एकाच रंगात दाखवले की नजरेला कळतच नाही कोण काय करतंय. जाडीचंही तसंच. तेव्हा दोर घेराने मोजत. सात इंची दोर म्हणजे घेर सात इंच, व्यास सव्वादोन इंच. १:६० ला जेमतेम एक मिलिमीटर. तिथपासून ०.१ मिमीपर्यंत किमान पाच-सहा जाड्या हव्यात, किटमध्ये दोन.

मी पॉलिएस्टरच्या शिलाईदोऱ्यातून दोर वळले. तीन पदर हुकांना लावून एका बाजूने पिळायचे, मग तिन्ही एकत्र उलट्या बाजूने. पदरांचा पीळ कमी पडला तर दोर ढिला राहतो. तुकडा कापून बघा: टोक उकललं तर पुन्हा वळा. मधमाशीच्या मेणावरून ओढला की उरलासुरला केस बसतो. सुती दोऱ्याचे केस लोक मेणबत्तीवरून झरकन फिरवून जाळतात, पण पॉलिएस्टर वितळतं, तिथे तो प्रयोग नको.

श्राउडच्या क्रमाबद्दल पुस्तिका चक्क चूक सांगते. म्हणे आधी एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी. असं केलं की काठी त्या बाजूला ओढली जाते आणि पुढे जन्मभर तिरपी राहते. उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची पुढची, मग परत उजवी, असं आलटून-पालटून जायचं. वरचे डेडआय (श्राउड ताणायच्या, भोकं पाडलेल्या लाकडी चकत्या) एका ओळीत यावेत म्हणून तारेचा छोटा आकडा वाकवून वरच्या-खालच्या डेडआयमध्ये अडकवा, म्हणजे अंतर आपोआप एकसारखं राहतं.

मग खलाशांच्या चढण्याच्या पायऱ्या, रॅटलाइन. चित्रात त्या १० मिमीवर दाखवल्यात. म्हणजे प्रत्यक्षात दोन-दोन फुटांची पायरी. खलाशी होते की वानरं? खरं अंतर १३ ते १५ इंच, मॉडेलवर साडेपाच-सहा मिमी. मागे रेघा आखलेला कागद लावून प्रत्येक श्राउडवर क्लोव्ह हिच बांधायची. गाठ आवळताना बाजूचे श्राउड आत ओढले जात नाहीत ना, याकडे डोळा ठेवा. एकदा कंबर बारीक झाली की ती सुटत नाही. बारीक क्रोशाची सुई आणि वाकड्या तोंडाचा चिमटा याशिवाय कशाची गरज पडली नाही. गाठीवर सुपरग्लू लावू नका, दोरा पांढरा पडतो आणि काडीसारखा ताठ होतो. पांढरा गोंद पाण्यात पातळ करून ब्रशने टेकवला की पुरे.

कप्प्या सगळ्या एकाच मापाच्या, ५ मिमी. खऱ्या जहाजावर एक फूट. खालच्या जड शिडांना ठीक, पण सगळ्यात वरच्या चिमुकल्या शिडाच्या दोरीलाही तीच धोंड? वर आकारही चौकोनी. मी २, ३ आणि ४ मिमीच्या वेगळ्या मागवल्या. आणि कृपा करून कप्प्या आडव्या काठ्यांवर आधी बांधा, मग त्या काठ्या डोलकाठीवर चढवा. नंतर दोऱ्यांच्या जाळ्यात बोटं शिरत नाहीत.

शिवलेली शिडं मी वापरली नाहीत. टाका तीन मिमीचा आहे, म्हणजे प्रत्यक्षात १८ सेंटिमीटर. धावदोरासुद्धा इतका लांब घातला तर मी उसवायला लावते.

एक गोष्ट किटमध्ये नाही, पण जरूर करा. बीगलच्या डोलकाठ्यांवर आणि बोस्प्रिटवरही विल्यम स्नो हॅरिसचे वीजवाहक बसवले होते, तांब्याच्या पट्ट्या. उरलेल्या टेपची मिलिमीटरभर चिरी कापून काठीच्या मागच्या बाजूने उभी लावा. पाहणाऱ्याला आधी कळत नाही, मग विचारतो.

पहिलंच मॉडेल करणाऱ्याने ही किट घेऊ नये. एका डोलकाठीचं कटर जातीचं लहान शिडाचं जहाज करून हात बसवावा. ज्यांनी एखादं जहाज पुरं केलंय त्यांनी बिनधास्त घ्यावी, फक्त दोरा, कप्प्या आणि होड्यांचा खर्च सुरुवातीलाच धरून. पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले तीन लाकडाचे.