साथीचं प्लॅनिंग करणारं एआय टूल: महिनाभर वापरून ३ स्टार

पब्लिक हेल्थच्या प्रोजेक्टसाठी एका एआय टूलचं सबस्क्रिप्शन घेतलं. विषय होता, २०२७ च्या सिंहस्थात साथ आली तर नाशिकमध्ये बेड, ऑक्सिजन, टेस्टिंग कुठे लावायचं. आकडे टाकले की दोन मिनिटांत सातपूर, सिडको, पंचवटी असे वॉर्डवार ग्राफ, एकदम भारी वाटतं, एक्सेलमध्ये मला आठवडा गेला असता.

पण रामकुंडावर पर्वणीला बाहेरून येणारी गर्दी त्याने धरलीच नाही, पंचवटीला फक्त रहिवाशांच्या हिशोबाने बेड दिले! मी विचारल्यावर सॉरी म्हणून नवा आकडा दिला, तोही तितक्याच ठामपणे, आता बोला.

गुगल फ्लू ट्रेंड्सचं असंच झालेलं ना, लोक काय सर्च करतात त्यावरून फ्लूचा अंदाज, २००८ ला सुरू, २०१२-१३ च्या सीझनला जवळपास दुप्पट आकडा सांगितला आणि २०१५ ला बंद. उलट ब्लूडॉट या साथींवर नजर ठेवणाऱ्या एआय कंपनीने डिसेंबर २०१९ मध्येच वुहानच्या न्यूमोनियाबद्दल क्लायंट्सना अलर्ट दिलेला, म्हणजे धोक्याची घंटा म्हणून एआय चांगलं, पण बेड कुठे टाकायचे ते आशाताईंना विचारा, त्यांना गल्ली न् गल्ली माहितीये.

मराठी मात्र बरं समजतं. स्टुडंट डिस्काउंट असेल तरच घ्या.