सतरा नंबरचा फॉर्म : बाहेरून दहावी, मग बाहेरून बारावी (वापरानंतरचा अनुभव)

बारावीची गुणपत्रिका हातात आली, म्हणून आता सविस्तर लिहिते. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळा-कॉलेजात न जाता, बाहेरून, राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला बसायची नोंदणी. तो मंडळाच्या साइटवर कुठे भरतात, कागद कोणते लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मी लिहितेय ते फॉर्म भरल्यानंतरचं. त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि बायकांचं नुकसान तिथेच होतं.

माझं शिक्षण सातवी. गाव सातारा जिल्ह्यात, म्हणजे आमचं विभागीय मंडळ कोल्हापूरचं. आठवीची शाळा गावात नव्हती आणि एसटीनं एकटी जायचं नाही असं घरात ठरलं, तिथे शाळा संपली. लग्नानंतर शिलाई करते. अंगणवाडीत काम मिळावं म्हणून आधी दहावी द्यायचं ठरवलं, आणि पुढे जागा निघाल्या तेव्हा कळलं की सेविका राहू दे, मदतनिसालासुद्धा आता बारावी लागते. मग बारावीही करायची ठरवली. मार्च २०२३ मध्ये दहावी दिली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बारावी. दोन्ही पहिल्या फटक्यात.

आठवी, नववी आणि अकरावी या तीन इयत्तांचा एकही कागद माझ्याकडे नाही आणि तो कुणी मागितलाही नाही. दहावीला बाहेरून बसायला वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत आणि पाचवी पास असल्याचा दाखला हवा. बारावीला दहावी पास आणि मध्ये दोन वर्षांचं अंतर हवं. या दोन वर्षांत तुम्ही अकरावीच्या वर्गात बसलात की मशीनवर बसलात याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. हे ऐकून माझ्या शिलाईच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या जणींचा विश्वास बसत नाही. 'अकरावी न करता बारावी कशी होईल गं?' होते. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र त्याच मंडळाचं, पेपर तेच, हॉलही तोच, शेजारच्या बाकावर कॉलेजची मुलगी.

खर्चाचं सांगते, कारण मला तेच आधी विचारतात. दहावीला मी भरलं तेव्हा नोंदणीचे हजार आणि वर प्रक्रिया शुल्क शंभर, परीक्षा फी वेगळी. पुस्तकं फुकट. ई-बालभारतीवर प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ आहे, फोनवर उतरवून घेतली. गणित आणि विज्ञान मात्र छापील हवं, ती पुस्तकं शेजारच्या मुलीची जुनी घेतली. तालुक्याच्या ठिकाणी एक क्लासवाले आहेत, त्यांनी फॉर्मसकट बारा हजार सांगितले, 'पासची गॅरंटी' म्हणाले. पासची गॅरंटी देणाऱ्याकडे पायसुद्धा ठेवू नका. माझ्या बारा हजारांत दोन वर्षांचं अस्तर आणि दोरा येतो.

दाखल्याचं एक लक्षात ठेवा. सासरी आलेल्या बायकांचं आधार सासरच्या नावानं असतं आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या. फॉर्म दाखल्यावरच्या नावानंच भरायचा, म्हणजे पुढे गुणपत्रिकाही माहेरच्या नावानंच येते. घाबरू नका. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा, ते पुढे सगळीकडे जोडावं लागतं. मूळ दाखला संपर्क केंद्रावर, म्हणजे फॉर्ममध्ये आपण निवडलेल्या शाळेत किंवा कॉलेजात, जमा होतो, म्हणून देण्याआधी त्याच्या झेरॉक्स काढा आणि जमा केल्याची पोच लेखी घ्या.

आता मुद्द्याचं. फॉर्म भरताना तालुका निवडला की शाळांची यादी उघडते आणि त्यातून एक संपर्क केंद्र निवडायचं असतं. सगळा फॉर्म भरून दमलेला माणूस तिथे घराजवळचं नाव दाबतो आणि पुढे जातो. माझ्या मते अख्ख्या फॉर्मात तोच एक रकाना महत्त्वाचा आहे. नाव, पत्ता, जात, माध्यम हे सगळं कागद बघून भरता येतं. हा एक रकाना चौकशी करून भरावा लागतो आणि त्यावर तुमचं वर्ष अवलंबून असतं. कारण साधं आहे. दहावी असो की बारावीची कला शाखा, विषयाच्या शंभर गुणांतले वीस लेखी पेपरच्या बाहेरचे असतात. भाषेची तोंडी, विज्ञानाचं प्रात्यक्षिक, बाकीच्यांचा प्रकल्प किंवा स्वाध्याय. सहा विषयांचे एकशेवीस. ते गुण संपर्क केंद्रावर मिळतात. परीक्षेचा अर्जही तिथूनच जातो, हॉल तिकीटही तिथूनच येतं. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे फक्त नावनोंदणी. परीक्षेचा अर्ज वेगळा, तो नंतर भरायचा असतो आणि तो भरायला या असं सांगणारा फोन येईलच असं नाही.

दहावीचं माझं केंद्र एक माध्यमिक शाळा होती. तिच्याबद्दल लिहायला घेतलं की मन भरून येतं. तिथल्या लिपिकांनी नोंदणीच्या दिवशीच वहीत माझा नंबर घेतला आणि परीक्षा अर्जाच्या वेळी स्वतः फोन केला. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं, 'ताई, प्रात्यक्षिक नुसतं वहीत उतरवू नका, मुलांबरोबर येऊन करा.' माझ्या लेकाच्या वयाच्या मुलांमध्ये उभी राहिले. परीक्षानळीत व्हिनेगरसारखं आम्ल, त्यात चिमूटभर सोडा, फसफस झाली की तो वायू वाकड्या नळीतून चुन्याच्या निवळीत सोडायचा. स्वच्छ पाण्यासारखी निवळी बघता बघता दुधाळ झाली. घरी पापडखार, सोडा, चुना सगळं आयुष्यभर हाताळलं होतं, पण कार्बन डायऑक्साइड डोळ्यांनी पहिल्यांदा तिथे पाहिला. बाईंनी तेच तोंडी विचारलं आणि मला सगळं सांगता आलं. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की बाहेरून बसण्यासारखी दुसरी चांगली सोय नाही, डोळे झाकून फॉर्म भरा.

बारावीनंतर यातलं 'डोळे झाकून' मी काढून टाकलंय. सोयीबद्दलचं मत तेच आहे.

बारावीला ज्या कनिष्ठ महाविद्यालयाचं केंद्र मिळालं त्याचं नाव लिहीत नाही. कला शाखा घेतली, इंग्रजी, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र. तिथे जे विषय होते त्यांतूनच निवडायचे होते. विज्ञानाला प्रात्यक्षिकं फार, म्हणून बाहेरून बसणारे बहुतेक कला नाहीतर वाणिज्यच घेतात. कलेला एक मोठं सुख आहे की गणित सुटतं. दहावीच्या गणितानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं होतं. बारावीचा अभ्यास पानांनी जास्त असला तरी रात्री मशीन बंद केल्यावर वाचून समजेल असा आहे. राज्यशास्त्र तर मला फार आवडलं. ग्रामसभेत बसायची सवय असलेल्या बाईला ते परकं वाटत नाही. इंग्रजीला सारांश, मुलाखतीचे प्रश्न असे साच्याचे प्रश्न पक्के केले आणि मागच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या. लिहायचा वेग हाच आमच्यासारख्यांचा खरा अडसर असतो. शेवटची दहा मिनिटं आता जास्तीची मिळतात, ती मला प्रत्येक पेपरला लागली.

अभ्यास ठीक होता, केंद्रानं छळलं. परीक्षेच्या अर्जाची चौकशी करायला गेले की खिडकीतले कारकून म्हणायचे, 'बाई, तुम्ही रेग्युलर नाही. आधी रेग्युलरचं होऊ द्या.' सूचना लागायच्या त्या जिन्याखालच्या काचेच्या फलकावर. त्या फलकाला कुलूप, आत तीन-तीन कागद एकावर एक टाचलेले, खालचा कागद वाचायचा तर वरचा फुंकर मारून हलवताही येत नाही. बाहेरून बसणारी बाई रोज कॉलेजला येत नाही, म्हणून तर ती बाहेरून बसते. तिला फलकावर सूचना देऊन काय उपयोग? नोंदणी करताना मोबाइल नंबर सक्तीनं घेतात. त्या नंबरवर एक मेसेज टाकायला काय अडचण आहे? माझा सगळ्यात मोठा राग या फलकावर आहे आणि तो कमी होत नाही.

तोंडीची तारीख मला आमच्या आळीतल्या एका मुलानं सांगितली. तो तिथे बारावीला होता. आदल्या संध्याकाळी सहज बोलता बोलता निघालं. सकाळचं ब्लाउजचं काम बाजूला ठेवलं, पहिली एसटी धरली आणि वेळेत पोचले. शेजारच्या गावातली एक बाई माझ्याबरोबरच नोंदणीला होती, तिला कुणी सांगणारं नव्हतं. तिची इंग्रजीची तोंडी बुडाली. निकालानंतर तिनं उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली, लेखीला एकतीस होते. लेखी आणि तोंडी मिळून पस्तीस लागतात. चार गुण कमी. वीसपैकी चार तर नुसतं समोर उभं राहून नाव-गाव सांगितलं असतं तरी मिळाले असते. तिला जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला पुन्हा फी भरून बसावं लागलं, आणि ती शेतमजुरी करते. बाहेरून बसणाऱ्यांना कळवणं हे काम नसून उपकार आहे, असं ज्या केंद्राला वाटतं, तिथे असंच होणार.

मग हॉल तिकीट. ते द्यायला शंभर रुपये मागितले. मंडळाच्या सूचनेत स्पष्ट असतं की हॉल तिकीट कॉलेजनं छापून, सही-शिक्का करून, कोणतंही शुल्क न घेता द्यायचं. मी म्हटलं, पावती द्या, लगेच देते. 'पावती नसते याची.' म्हटलं, मग पैसेही नसतात. मागे रांगेत पोरं उभी होती, प्रत्येकाच्या हातात शंभराची नोट. मी खिडकीतून हलले नाही. फोनवर मंडळाची सूचना उघडून दाखवली आणि प्राचार्यांना भेटायचंय म्हणाले. प्राचार्य बाहेर आले, वाचलं, आणि मला हॉल तिकीट तसंच मिळालं. माझ्यामागच्या पोरांचे पैसे मात्र नंतरही घेतले असं त्या मुलाकडून कळलं. शंभर रुपयांसाठी एवढं कशाला, असं घरी म्हणाले. शंभर रुपये म्हणजे माझ्याकडे फॉल-पिकोच्या दोन साड्या. आणि बाहेरून बसणाऱ्यांना कुठे काय नियम माहीत असणार, या हिशोबावरच ही मागणी होते.

निकाल मेमध्ये लागला. तोंडी-प्रकल्पाचे गुण नीट पडलेत की नाही ही धाकधूक त्या दिवसापर्यंत होती. पडले होते. प्रकल्पाच्या वह्या जमा करताना मी प्रत्येक वहीसाठी वेगळ्या कागदावर पोच म्हणून सही घेतली होती. 'एवढं कुणी करत नाही' असं ऐकून घेतलं, पण घेतली.

आता जे मला नेहमी विचारतात ते. मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी परीक्षेवरून दहावी-बारावीशिवाय थेट बीए होतं ना, मग हा व्याप कशाला? ती वाट आज खुली आहे का ते विद्यापीठाकडेच विचारा; नुसतं शिकायचं असेल तर तो रस्ता चांगला. पण ज्या जाहिरातीत 'बारावी उत्तीर्ण' लिहिलंय तिथे बारावीचीच गुणपत्रिका मागतात, म्हणून मी हा धरला. ज्या बाईकडे पाचवीचाही कागद नाही, तिनं एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त शाळेची, दहावी बघावी. तिथे आपण दहावीचा अभ्यास करू शकतो असं स्वतःच लिहून दिलं तरी चालतं, पास व्हायला पाच विषय लागतात, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, म्हणजे एकेक विषय सावकाश काढता येतो. माझ्याकडे दाखला होता आणि मला सगळं एका दमात संपवायचं होतं.

सोयीला माझ्याकडून पाचपैकी पाच. दहावीच्या केंद्राला पाचपैकी पाच. बारावीच्या केंद्राला एक, तोही परीक्षेचे हॉल स्वच्छ होते म्हणून.

फॉर्म भरण्याआधी हे करा. ज्या केंद्राचं नाव मनात आहे तिथे एकदा स्वतः जा आणि मागच्या वर्षी बाहेरून किती जण बसले होते, तोंडीची तारीख त्यांना कशी कळवली, एवढं विचारा. समोरचा वही काढून दाखवायला लागला तर तिथेच भरा. फलकाकडे बोट दाखवलं तर घरापासून लांबचं केंद्र घ्या, एसटीचं भाडं जास्त गेलं तरी चालेल. यंदा धाकट्या जाऊबाईंचा दहावीचा फॉर्म भरायचा आहे. त्यांचं शिक्षण सहावी. ती माध्यमिक शाळा आमच्या घरापासून लांब पडते, तरी त्यांनाही तेच केंद्र घ्यायला सांगितलंय.