झोपेआधीची मालीश: सहा महिन्यांच्या वापरानंतर

बाळ एक महिन्याचं असल्यापासून सात महिन्यांचं होईपर्यंत, रोज रात्री झोपेआधी १५ मिनिटं (शेवटच्या महिन्यात पाच), असा हा वापर. या सगळ्यात तेलाचा वाटा सर्वांत कमी. तेल म्हणजे वंगण. एक छोटा चमचा, साधारण ५ मिली, अख्ख्या अंगाला पुरतं. ऑलिव्ह तेल मात्र नको. त्यातल्या ओलिक आम्लामुळे त्वचेचा वरचा थर सैल पडतो. सूर्यफुलाचं तेल बरं, फक्त 'हाय ओलिक' प्रकारचं नसावं.

खरा फरक हाताच्या वेगाने पडतो. स्पर्शाचं सुख टिपणाऱ्या त्वचेतल्या मज्जातंतूंना सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर एवढी संथ चाल मानवते. म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंतच्या एका फेरीला चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. घाईत हात याहून भरभर पळतो. दाबही मध्यम हवा, हाताखालची त्वचा किंचित हलेल इतका. अगदी हलक्या हाताने गुदगुल्या होतात आणि पेंगुळलेलं बाळ टक्क जागं होतं.

सुरुवात पायांपासून, कारण तिथे बाळ सहसा कुरकुरत नाही. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, मोठ्या आतड्याच्या वाटेने. मग छाती, हात, शेवटी पाठ. क्रम रोज तोच. टाळू दाबायची नाही. नाकात-कानात तेल तर कधीच नाही, नाकातलं तेल श्वासातून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

बिघडतं ते बहुतेक वेळेमुळे. दूध पाजल्यावर लगेच सुरू केलं तर उलटी होते. निदान ३०-४५ मिनिटं जाऊ द्यावीत. बाळाने तोंड फिरवलं, बोटं ताठ पसरली, उचकी लागली की थांबायचं. 'एवढा एक पाय उरकू' म्हणून रेटलं की रडारड ठरलेली.

झोपेचं म्हणाल तर पहिले दोन महिने फारसा फरक दिसत नाही, आणि ते स्वाभाविक आहे: शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळच दोन-तीन महिन्यांच्या सुमारास बसू लागतं. नवजात बाळाची निम्मी झोप चुळबुळीची असते. ते तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झटकतं, कण्हतं. बाळ उठलं असं समजून उचललं तर चांगली लागलेली झोप मोडते. मिनिटभर नुसतं बघत राहा. तिसऱ्या महिन्यानंतर पायांना हात लागला की झोपेची वेळ झाली, हे बाळाला उमगू लागतं. चौथ्या महिन्यात झोप पुन्हा विस्कटली तर मालीश वाढवून उपयोग नाही, तेव्हा झोपेची घडणच बदलत असते.

मालिशीने बाळ हुशार होतं, हा दावा आम्ही करणार नाही. पहिल्या वर्षात मेंदूचा आकार जवळपास दुप्पट होतो, तो मालीश नसली तरी होतोच. मिळते ती शांत जवळीक, आणि आमच्या मते तेवढ्यासाठीही १५ मिनिटं द्यावीत.

ताप किंवा पुरळ असेल तर सुट्टी. लस टोचलेली जागा दोन-तीन दिवस वगळावी. सहाव्या महिन्यानंतर बाळ पालथं पडून सटकू लागतं. मग फक्त पाय, पाच मिनिटं. नंतर हात पुसून मगच उचला, तेलकट बाळ हातातून निसटतं. आणि झोपवायचं ते उताणंच.